चहापाणी : पाणी कोठले आणि पाणी कोणाचे?

बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात कोणाच्याही दारी पाहुणा आला म्हणजे त्याला प्रथम विचारले जाते ते चहापाण्याविषयी. 'चहापाणी' हा जोडशब्द मोठा अर्थपूर्ण आहे. त्यात नुसता चहा नाही, त्याच्या जोडीला पाणीही आहे. आणि या दोहोंत मिळून बसावयास आसन देणे, विचारपूस करणे, सुखदुःख ऐकून घेणे असा आदरसत्काराचा सगळा विस्तार सामावलेला आहे. लग्नाची बोलणी चहापाण्याने सुरू होतात, तंबाखूचा सौदा चहापाण्याने पुरा होतो आणि भाऊबंदकीचे भांडण मिटले की नाही हेही एकमेकांच्या घरचे चहापाणी चालते की नाही यावरूनच ओळखले जाते.

या भागात मराठी आणि कन्नड या दोन भाषा शेजारी शेजारी नांदतात, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून त्यांच्यामधील सीमेचा वादही जागता राहिलेला आहे. परंतु कपात जे पेय असते त्याला मराठी माणूस 'चहा' म्हणतो आणि उत्तर कर्नाटकातील कन्नड माणूसही 'चहा'च म्हणतो. हा शब्द दोघांपैकी एकाचाही नव्हे. तो मूळचा चीन देशातला. चीनच्या बहुतेक भागांत या वनस्पतीला 'चा' म्हणतात. फूकियन प्रांताच्या किनाऱ्यावर मात्र तिचा उच्चार 'ते' असा होतो. डच व्यापाऱ्यांनी तो किनाऱ्यावरचा उच्चार उचलला आणि त्यातून इंग्रजांचा 'टी' झाला. पोर्तुगीजांचा व्यापार मकाव बंदरातून चाले. तिकडचा उच्चार 'चा', म्हणून पोर्तुगीज भाषेत आजही 'चा' आहे. खुष्कीच्या मार्गाने इराणात गेलेला शब्द 'चाय' झाला. म्हणजे बेळगावच्या हॉटेलात एकाने 'चहा' मागितला आणि शेजारच्याने 'टी' मागितली, तर दोघांच्या तोंडी चीनच्याच दोन वेगवेगळ्या वाटांचा इतिहास असतो.

शब्द चीनचा, पान चीनचे, ज्या मातीच्या कपबशीतून ते आपण पितो त्या मातीला नावही 'चिनी माती'. मग चीनने चहाबरोबर जी कला वाढविली ती आपल्याकडे आली काय? आणि आली नसेल तर तिच्या जागी काय आले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्या समाजाच्या इतिहासातील एक कठीण पान उलगडते.

चीनमध्ये चहाची कला शास्त्ररूपाने प्रथम मांडली ती लू यू या पंडिताने. त्याचा काळ इसवी सनाचे आठवे शतक, म्हणजे आपल्याकडे राष्ट्रकूटांच्या सत्तेचा उदय होत होता तो काळ. लू यू अनाथ होता. त्याचे आईबाप कोण, कुळ कोणते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. एका बौद्ध मठाच्या प्रमुखाने त्याला वाढविले आणि त्याचे नावदेखील एका प्राचीन शकुनग्रंथाचा कौल लावून ठरविले गेले, असे सांगतात. अशा या बेवारस मुलाने मोठेपणी 'चा-चिंग' म्हणजे 'चहाचे शास्त्र' हा ग्रंथ लिहिला. पुढे चीनमधील चहाचे व्यापारी त्याच्या मातीच्या मूर्ती करून चहाचा देव म्हणून पुजू लागले. ज्याच्या जन्माचा ठावठिकाणा नाही त्याने सांगितलेल्या रीतीने सारा देश चहा करू लागला. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

लू यूच्या काळी चहाची पाने वाफवून, कुटून, त्यांच्या वड्या थापून वाळवीत. चहा करावयाच्या वेळी वडी विस्तवावर शेकावयाची, दळून तिची पूड करावयाची आणि ती उकळत्या पाण्यात टाकावयाची. या साध्या कृतीसाठी त्याने दोन डझन उपकरणांची यादी दिली आहे. कोळसा कोणता वापरावा, तेथपासून त्याचे नियम सुरू होतात. तुपातेलाचा वास लागलेले किंवा कुजलेले लाकूड चुलीत घालू नये, कारण त्याची घाण चहाला लागते. पेला कोणत्या भट्टीचा घ्यावा, कोणत्या रंगाच्या पेल्यात चहाचा रंग खुलतो, हेही तो सांगतो.

परंतु त्याचा सर्वांत अधिक कटाक्ष आहे तो पाण्यावर. डोंगरातील झऱ्याचे पाणी उत्तम, नदीचे मध्यम आणि विहिरीचे कनिष्ठ, अशी त्याने प्रतवारी लावली. झऱ्याचे झाले तरी धबधब्यासारखे उसळणारे घेऊ नये, दगडांतून संथ झिरपणारे घ्यावे. विहिरीचेच घ्यावे लागले तर ज्या विहिरीवर पुष्कळ उपसा आहे तिचे घ्यावे. मग ते पाणी तापत असताना त्याच्याकडे डोळा लावून बसावयाचे. प्रथम माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे दिसतात व बारीक आवाज येतो. त्या वेळी चिमूटभर मीठ घालावे. पुढे भांड्याच्या कडेने मोत्यांच्या माळेसारखे बुडबुडे चढू लागतात. ती चहाची पूड घालण्याची वेळ. त्यानंतर लाटा उसळू लागतात. त्याहूनही अधिक उकळलेले पाणी 'म्हातारे' झाले, ते पिण्याच्या लायकीचे राहिले नाही, असे तो बजावतो.

चहात कांद्याची पात, आले, पुदिना, संत्र्याची साल घालून तो भरपूर उकळण्याची चाल त्या काळच्या सामान्य लोकांत होती. लू यूने तिच्यावर कडक टीका केली आहे. असला चहा म्हणजे गटारात ओतण्याचे पाणी, असे त्याचे मत. आले-वेलदोडा घालून, दूध-साखर टाकून, कढ आणून आणून केलेला आपला चहा त्याच्यापुढे ठेवला असता तर त्याने काय म्हटले असते, याची श्रोत्यांनी कल्पनाच करावी!

पुढे सुंग राजवटीत चहाची बारीक पूड पेल्यात घेऊन बांबूच्या घुसळणीने फेस आणण्याची पद्धत रूढ झाली. ह्वैत्सुंग नावाच्या सम्राटाने स्वतः बाराव्या शतकाच्या आरंभी चहावर प्रबंध लिहिला. ही फेसाळ चहाची रीत बौद्ध भिक्षूंनी जपानात नेली आणि तेथे तिचा चहाविधी झाला. चीनमध्ये मात्र १३९१ साली मिंग वंशाच्या पहिल्या सम्राटाने चहाच्या वड्या नजराणा म्हणून स्वीकारण्याचे बंद केले. वड्या करण्यात प्रजेचे फार श्रम खर्ची पडत. तेव्हापासून सुटी पाने गरम पाण्यात मुरविण्याची पद्धत सर्वत्र पसरली. तिच्याबरोबर चहाची किटली जन्माला आली. ईशिंग गावच्या जांभळ्या मातीच्या छोट्या किटल्या आजही नावाजलेल्या आहेत. फूकियन आणि चावचौ या भागांत 'कुंग-फू चहा' म्हणून जो प्रकार आहे, त्यात मुठीत मावेल एवढी किटली आणि घोटभर चहा राहील एवढे पेले असतात. 'कुंग-फू' याचा अर्थ कष्टाने कमावलेले कसब. पेले आधी गरम पाण्याने विसळावयाचे, पहिले पाणी पुष्कळदा ओतून द्यावयाचे, मग थोडा थोडा वेळ पाने मुरवून त्याच पानांचा चहा अनेकदा काढावयाचा. आणि पेल्यांत ओतताना फेरी अशी धरावयाची की कोणाच्या वाट्याला दाट आणि कोणाच्या वाट्याला पातळ असे होऊ नये. पाहुण्याने रंग पाहावा, वास घ्यावा आणि मगच घोट घ्यावा. या साऱ्या परंपरेला २०२२ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

चीनमध्ये उच्चनीच भाव नव्हता असे मात्र कोणी समजू नये. उत्तम चहा श्रीमंतांच्या आणि पंडितांच्याच पेल्यात पडे. तो खुडणाऱ्यांना त्याचा वास तेवढा मिळे. तरीही त्या कलेचा मूळ प्रश्न एकच होता: पाणी कोठले? झऱ्याचे, नदीचे की विहिरीचे? ते भरले कोणी, त्याची जात कोणती, हा प्रश्न त्या शास्त्रात नाही.

या कलेची वार्ता आपल्या किनाऱ्याजवळून युरोपात गेली, हेही जाणण्यासारखे आहे. गास्पार द क्रूझ हा पोर्तुगीज डोमिनिकन धर्मगुरू १५४८ मध्ये गोव्यास आला. तेथून पूर्वेकडे जाऊन १५५६ मध्ये तो कँटन शहरी काही काळ राहिला. परत गेल्यावर त्याने चीनविषयी जो ग्रंथ लिहिला तो १५७० च्या सुमारास पोर्तुगालमध्ये छापला गेला. तिकडे कोणीही मान्यवर माणूस घरी आला की तबकात चिनी मातीच्या पेल्यातून 'चा' नावाचे तांबूस, किंचित कडू, गरम पाणी त्याच्यापुढे ठेवतात, असे त्याने त्यात नोंदविले आहे. म्हणजे युरोपियनाच्या नजरेला चहा प्रथम दिसला तो पाहुणचाराच्या रूपाने. पुढे शतकाने पोर्तुगालच्या राजकन्येचा, कॅथरिन ऑफ ब्रॅगान्झाचा, इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी १६६२ मध्ये विवाह झाला. तिच्या आंदणात मुंबई बेट इंग्रजांकडे आले, आणि तिच्याच चहाच्या आवडीमुळे इंग्रज दरबारात चहाची प्रतिष्ठा वाढली. मुंबई आणि चहा यांची गाठ अशी एकाच लग्नात पडलेली आहे.

आपल्या देशात चहा आधी आला तो औषध म्हणून. सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेस आलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने तेथील वाणी लोक चहात मसाले घालून डोकेदुखी आणि पोटदुखी यांवर पितात, असे लिहून ठेवले आहे. चहाची लागवड मात्र एकोणिसाव्या शतकातली. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस यास आसामात सिंगफो लोक चहाच्या रानटी झाडांचा उपयोग करताना दिसले. १८३९ मध्ये आसामचा पहिला चहा लंडनच्या लिलावात विकला गेला. त्यानंतर कडक करारांनी जखडलेल्या मजुरांच्या श्रमावर चहाचे मळे उभे राहिले. तो चहा मुख्यतः परदेशी जाण्यासाठी होता. मळेवाल्यांना देशातील गिऱ्हाईक हवेसे वाटू लागले ते विसाव्या शतकात. १९०३ मध्ये चहावर कर बसवून त्या पैशातून प्रचार सुरू झाला, आणि १९३० नंतरच्या दशकात तो बाजारांतून आणि जत्रांतून जोराने फैलावला. फुकट चहाचे पेले वाटीत, चहा कसा करावा याच्या सूचना देशी भाषांतल्या पत्र्याच्या पाट्यांवर लावीत. पान मुरवावे, उकळू नये, असे हे प्रचारक सांगत. दुकानदार मात्र थोड्या पानात अधिक रंग यावा म्हणून मनसोक्त उकळीत आणि मसाला घालीत. गिऱ्हाइकाने दुकानदाराचे ऐकले. लू यूने ज्या चहाला गटाराचे पाणी म्हटले, तोच आपल्या लोकांनी आपलासा केला, आणि चवीच्या बाबतीत त्यात वावगे असे काही नाही. ज्याची त्याची जीभ.

परंतु चवीपेक्षा मोठी अडचण वेगळीच होती. चहा म्हणजे मूलतः पाणी. आणि आपल्या समाजात पाणी हा साधा पदार्थ नव्हता. कोणाच्या हातचे पाणी घ्यावे, कोणाच्या हातचे घेऊ नये, यावर जातीजातींची उतरंड उभी होती. आगगाडीच्या स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळे असे. चहा आला तेव्हा 'हिंदू चहा' आणि 'मुसलमान चहा' असे ओरडणारेही आले. चिनी पंडिताने विचारले होते, पाणी कोठले? आपल्या समाजाने विचारले, पाणी कोणाचे?

या प्रश्नाचा पहिला मोठा गाजावाजा पुण्यात झाला. १८९० च्या ऑक्टोबर महिन्यात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. पाच हौदांवरून पडलेले हे नाव, येथेही पाणीच! त्या प्रसंगी न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक इत्यादी प्रतिष्ठित मंडळी उपस्थित होती. व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला नुसता हातात घेऊन खाली ठेवला. बोलावणे घडवून आणणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी पुढे हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली, आणि मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतल्याबद्दल शहरात ग्रामण्याचे वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, आणि रानड्यांसारख्या सुधारकाग्रणीलाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावे लागले. देशाच्या स्वातंत्र्याचा विचार करणारी माणसे एका पेल्यासाठी जातीच्या न्यायासनापुढे उभी राहिली. हे सारे शिकलेल्या ब्राह्मण मंडळींचे झाले. प्रायश्चित्त घेतले की त्यांची वाट पुन्हा मोकळी होत होती. ज्यांना प्रायश्चित्ताचीही सोय नव्हती, जन्मच ज्यांचा अपराध ठरला होता, त्यांच्या चहाची कथा याहून निराळी आहे; आणि ती घडली बेळगाव-निपाणीच्या शेजारी.

निपाणीहून पुणे रस्त्याने उत्तरेकडे निघाले की वाटेत कागल लागते आणि त्यापुढे कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांत गंगाराम कांबळे हे महार समाजाचे गृहस्थ दरबारच्या पागेत नोकरीस होते. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना तेथल्या माणसांकडून बेदम मारहाण झाली, अशी हकीकत कोल्हापुरात सांगितली जाते. महाराजांच्या कानी ती जाताच त्यांनी मारणाऱ्यांना शासन केले, आणि गंगारामांना नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा करण्यास सांगितले. त्यासाठी मदतही दिली. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' नावाचे चहाचे हॉटेल काढले. ज्याच्या हाताने हौद विटाळला म्हणून मार मिळाला, त्याच हाताने आता तो गावाला चहा देणार होता.

हॉटेल स्वच्छ होते, चहा चांगला होता. परंतु गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराजांनी एक युक्ती केली. फिरावयास निघाले की त्यांची गाडी त्या हॉटेलासमोर उभी राहू लागली. महाराज गंगारामांकडून चहा मागवून पीत आणि आपल्याबरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजीत. छत्रपतींनी घेतलेला चहा इतरांनी नाकारावा कसा? राजाज्ञेने जे सहज झाले नसते, ते राजाच्या एका घोटाने झाले. महाराजांनी आज्ञाही काढल्या होत्याच. सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यांना भेदाने वागवू नये, असे हुकूम १९१९ मध्ये संस्थानात निघाले. परंतु कागदावरचा हुकूम आणि ओठाला लागलेला पेला यांत फार अंतर असते, हे त्या राजाने ओळखले होते. ६ मे १९२२ रोजी महाराज निवर्तले. त्यांचे पहिले स्मारक उभारण्यात पुढाकार घेतला तो याच गंगाराम कांबळ्यांनी.

महाराजांच्या हयातीतच, मार्च १९२० मध्ये, कागल जहागिरीतील माणगावी अस्पृश्यांची परिषद भरली. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते आणि महाराज स्वतः तेथे आले होते. पाच वर्षांनी, एप्रिल १९२५ मध्ये, मुंबई इलाख्याच्या बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद खुद्द निपाणीत भरली आणि तिच्याही अध्यक्षस्थानी आंबेडकरच होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी त्यांनी आणि त्यांच्या अनुयायांनी प्राशन केले. कोल्हापूरचा हौद, गंगारामांचा चहा आणि महाडचे तळे ही एकाच प्रश्नाची तीन रूपे आहेत.

निपाणीच्या त्या परिषदेपूर्वी चारच महिने, डिसेंबर १९२४ मध्ये, बेळगावास काँग्रेसचे अधिवेशन झाले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. त्यासाठी मुद्दाम खोदलेली विहीर बेळगावात आजही काँग्रेस विहीर म्हणून दाखविली जाते. अस्पृश्यतेचे निवारण हा गांधींच्या त्या वेळच्या कार्यक्रमाचा एक मुख्य भाग होता. चहाचे मात्र गांधी चाहते नव्हते. १९४२ साली पुण्यास आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर एक पुस्तक लिहिले; त्यात चहाच्या उगमाची एक मार्मिक उपपत्ती दिली आहे. चीनमध्ये पिण्याचे पाणी पुष्कळदा अशुद्ध असे, ते उकळूनच प्यावे लागे. पाणी खरोखर उकळले आहे की नाही हे कळावे कसे? तर चहाच्या पानांवरून ते ओतावे. सोनेरी रंग उतरला की पाणी उकळलेले समजावे. आपल्याकडची कढवून कढवून केलेली चहाची रीत त्यांना घातक वाटे; पानांवरून उकळते पाणी ओतून गवताच्या रंगाचा चहा काढला तर त्यात अपाय नाही, असे ते म्हणतात. ही उपपत्ती इतिहास म्हणून किती टिकेल हा प्रश्न वेगळा. तिच्यातील विचार सरळ आहे. पाण्याची शुद्धता ही उकळण्यावर ठरते, आणणाऱ्याच्या जन्मावर नव्हे.

कायद्यानेही पुढे हेच सांगितले. बेळगाव जिल्हा त्या वेळी मुंबई प्रांतात होता. मुंबई सरकारने १९४६ साली हरिजनांच्या सामाजिक अडचणी दूर करण्याचा कायदा केला. १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हा कायद्याने तर हॉटेलात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरविलाच, शिवाय तेथे गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरविला. देशाच्या संसदेला कपबशीसाठी कलम लिहावे लागले, यावरून ती कपबशी किती जड होती हे कळते. कारण हॉटेलात आत घेतले तरी एका समाजासाठी कप वेगळा ठेवावयाचा, तो बाहेर खुंटीला किंवा वळचणीला टांगावयाचा, पिणाऱ्याने तो आपला आपण विसळावयाचा, अशी रीत खेडोपाडी होती. दक्षिणेकडील काही खेड्यांत अशी दोन पेल्यांची चाल अगदी अलीकडच्या काळापर्यंत आढळल्याच्या नोंदी आहेत. चिनी यजमान पाहुण्याचा पेला स्वतः गरम पाण्याने विसळून देतो तो त्याचा मान राखण्यासाठी. येथे पाहुण्यालाच पेला विसळावयास लावीत ते त्याचा मान हिरावण्यासाठी. कृती एकच, परंतु अर्थ किती उलटा!

इतिहासाला न्याय द्यावयाचा तर हेही सांगितले पाहिजे की, हा भेद मोडण्यात चहाचाच मोठा हातभार लागला. भाकरीची पंगत घरात बसते, तेथे जातीचा पहारा सोपा असतो. चहाचे दुकान रस्त्यावर असते आणि तेथे पैसा टाकणारा प्रत्येक जण गिऱ्हाईक असतो. एस.टी. स्टँडवर, बाजारपेठेत, विडीच्या कारखान्यांबाहेर, कचेऱ्यांच्या आवारात लोक उभ्या उभ्या चहा पिऊ लागले तेव्हा कोणाच्या शेजारी कोण उभा आहे हे पाहावयास कोणाला फुरसत राहिली नाही. प्रायश्चित्ताची भाषा हळूहळू विरून गेली. पंचहौदात ज्या चहाने पुणे हादरले, तसा चहा आज कोणी कोठेही घेतो आणि कोणाला त्याची आठवणही राहत नाही. हा बदल नुसत्या कायद्याने झाला नाही, नुसत्या उपदेशानेही झाला नाही. तो दुकानाच्या फळीवर रोज थोडा थोडा झाला. परंतु दुकानातला एक कप आणि घरातली कपबशी यांतील अंतर अजून पुरते संपलेले नाही. रस्त्यावर शेजारी उभे राहून चहा पिणारी माणसे घरी आल्यावरही तोच कप एकमेकांपुढे ठेवतात काय, हा प्रश्न ज्याचा त्याने आपल्या फडताळाला विचारावा.

बेळगाव शहरास मार्कंडेय नदीवरील राकसकोप जलाशयाचे पाणी मिळते. लू यूच्या प्रतवारीप्रमाणे ते मध्यम ठरेल. त्याच्या शास्त्रातील इतर नियमही आपल्या हातून पाळले जाणार नाहीत. आपल्या पातेल्यात आले पडेल, दूध पडेल आणि माशाच्या डोळ्यांची वाट न पाहता कढामागून कढ येत राहतील. त्याची खंत करण्याचे कारण नाही. प्रत्येक देश परकी वस्तू आपल्या जिभेप्रमाणे वळवून घेतो. परंतु त्या अनाथ चिनी पंडिताकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. चहाला बसलेल्या माणसाची चौकशी न करता त्याने पाण्याची चौकशी केली. आपल्या भाषेने तर 'चहापाणी' असा शब्द घडवून त्या दोन्ही गोष्टी पाहुण्याच्याच नावे लिहून ठेवल्या आहेत. त्या शब्दाचा मान राखणे, म्हणजे दारी आलेल्या प्रत्येकाला तोच कप आणि तेच पाणी देणे, एवढे साधले तर चहाची कला आपल्याकडे आलीच नाही असे म्हणण्याचे कोणास कारण उरणार नाही.